शब्द देताना हातात काय असतं?

पत्र थोडक्यात असं : ठाण्याजवळ राहणाऱ्या, पंचावन्नच्या पुढच्या एक वाचक गेली वीस वर्षं पौरोहित्य करतात. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंज, लग्न, श्राद्ध, सगळं. त्यांच्या भावाने २००२ साली अमेरिकेहून येताना ‘पाम’चा एम१०५ हा हातात मावणारा ऑर्गनायझर आणून दिला. यजमानांची नावं, पत्ते, तिथ्या, ठरलेली कामं असा सगळा संसार त्यात होता. मागच्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी त्या तीन महिने परदेशी गेल्या, यंत्र कपाटात राहिलं. परत येऊन पाहतात तो सेल पाझरून आत पांढरा थर साचलेला, यंत्र बंद, ‘सगळं गेलं’. त्यानंतर एका घरचं वार्षिक श्राद्ध त्यांच्याकडून राहून गेलं, आणि ते मनाला फार लागलं आहे. आता ऑनलाइन एक जुना, ‘चालू स्थितीतला’ पाम साडेसहा हजारांना मिळतो आहे. मुलगा म्हणतो, फोन आहे ना. मिस्टर म्हणतात, कालनिर्णय आणि डायरी, झालं. बाई लिहितात : “फोन हातात घेतला की चार निरोप दिसतात आणि मन पूजेतून उठतं. त्या यंत्राने मात्र मला कधी दगा दिला नाही. एकदाच नऊला मुलुंडचा सत्यनारायण आणि अकराला कल्याणची वास्तुशांत अशी ओढाताण झाली, तीही मी कल्याणचं काम फलाटावर फोनवरून घेतलं आणि रात्री नोंदवलं म्हणून. तसलंच यंत्र पुन्हा घ्यावं का?”

ताई,

त्या बंद पडलेल्या यंत्राबद्दल आधी चार शब्द बोलू द्या. घरात त्याला आता ‘डबा’ म्हणत असतील. मला ते पटत नाही.

पाम ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या जेफ हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्याआधी एक लाकडाचा ठोकळा कापून घेतला होता, शर्टाच्या खिशात मावेल एवढा. तो खिशात घालून ते कित्येक दिवस हिंडले. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा बाहेर काढायचे आणि काडीने त्यावर टोचत वेळ बघितल्याचं सोंग करायचे. बघणाऱ्याला वेडेपणा वाटावा, पण माणूस खिशात हात केव्हा घालतो आणि किती वेळ थांबायला तयार असतो, हे त्यांना त्या लाकडानेच शिकवलं. १९९६ मध्ये पहिले ‘पायलट’ बाजारात आले ते या शिकवणीतून : बटण दाबताक्षणी सुरू, दोन बारीक पेन्सिल सेलवर आठवडेच्या आठवडे चालणारे, आणि चारच कामं नीट करणारे.

त्याच्या तीन वर्षं आधी अ‍ॅपलने ‘न्यूटन’ आणला होता. तो माणसाचं अक्षर वाचू पाहायचा आणि भलतंच वाचायचा, त्यामुळे त्याची यथेच्छ टिंगल झाली. पामने उलटा मार्ग धरला. अक्षराचं वळण माणसानेच बदलायचं, त्या लिपीचं नाव ‘ग्राफिटी’. आडवी रेघ नसलेला ‘ए’, एकाच फटक्यात काढायची बहुतेक सगळी अक्षरं. म्हणजे यंत्र तुमच्या हाताला लागलं असं आपण म्हणतो खरं, पण तुमचाच हात यंत्राला लागलेला होता. वीस वर्षं गिरवलेलं वळण एका सकाळी निरुपयोगी झालं की हळहळ वाटणारच. तेवढ्यासाठी कुणासमोर ओशाळं व्हायचं कारण नाही.

आता मात्र तुमच्याशी थोडं भांडतो. ‘कधी दगा दिला नाही’ हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि लगेच पुढच्या ओळीत मुलुंड-कल्याणची गोष्ट सांगितलीत. ती तुम्ही स्वतःच्या वेंधळेपणाच्या खात्यावर टाकून मोकळ्या झालात. मी ती पुन्हा वाचली.

नऊला मुलुंड. अकराला कल्याण. यंत्राच्या पडद्यावर या दोन ओळी अगदी सुखाने नांदत होत्या, मध्ये दोन तासांची मोकळी जागा सोडून. रात्री तुम्ही दुसरी ओळ लिहिलीत तेव्हाही त्याने हूं की चूं केलं नाही. का करेल? सत्यनारायणाची कथा, आरती, प्रसाद आणि मग यजमानीणबाईंचा ‘आता जेवूनच जा’ हा आग्रह, हे त्याला कुणी सांगितलं होतं? मुलुंडहून कल्याणला जायचं तर रिक्षा, जिना, गाडी, पुन्हा जिना, पुन्हा रिक्षा, आणि हातात पूजेच्या सामानाची पिशवी. वास्तुशांतीला होम असतो, तिथे अर्धा दिवस जातो. तुम्ही पूजेची वेळ लिहिलीत, तुमची वेळ लिहिलीच नाहीत.

म्हणून पहिली सूचना, कुठलंही साधन घ्या, लागू आहे : काम सुरू होण्याची वेळ नोंदवू नका, घरातून पाऊल बाहेर पडण्यापासून घरात परत येईपर्यंतचा सगळा तुकडा अडवून ठेवा. सत्यनारायण नऊला असेल तर नोंद सव्वाआठ ते साडेबारा. तुम्हाला वाटेल, मग दिवसात दोनच कामं मावतील. दोनच मावतात, ताई. तिसरं तुम्ही आजवर धावत बसवत आलात. शिकवणीचे मास्तर, घरोघरी जाऊन नर्सिंग करणाऱ्या बहिणी, मेहंदी काढणाऱ्या मुली, असं दारोदारी काम असलेल्या सगळ्यांचा गोंधळ बहुतेक इथेच असतो, आणि तो मिटवायला ते नवं यंत्र घेतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. कल्याणचा शब्द तुम्ही दिलात तो फलाटावर, एका कानाला फोन लावून, दुसऱ्या हातात पिशवी. पाम कुठे होता? पिशवीच्या तळाशी, सोवळ्याच्या घडीखाली. म्हणजे तुमचं लाडकं यंत्र नोंद ठेवायला पक्कं होतं, पण शब्द देण्याच्या क्षणी ते तुमच्या हातात नव्हतं. साधन निवडताना आपण विचारतो, याच्यात किती मावतं, किती वर्षं टिकतं. आधी विचारावं, मी ‘हो’ म्हणते तेव्हा माझ्या हातात काय असतं?

हॉकिन्स यांचा ठोकळा इथे कामाला येतो. साडेसहा हजार खर्च करण्याआधी पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा एक पुठ्ठा कापा आणि पंधरा दिवस जवळ बाळगा. कुणी तारीख विचारली की त्याच्यावर खूण करायची : कुठे होतात, कुणी विचारलं, फोनवर की समोरासमोर, आणि पुठ्ठा हाताशी होता की शोधावा लागला. माझा अंदाज असा, की बहुतेक खुणा फोनवरच्या निघतील. लोक हल्ली घरी येऊन सुपारी देत नाहीत, फोन करतात. आणि फोनवर बोलत असताना फोनमधलंच कॅलेंडर उघडून बघणं जमतं, पण ते शांतपणे होत नाही. समोरचा ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो.

यावर उपाय म्हणून फोन कानाला असताना तारीख द्यायचीच नाही. “पाहून रात्री नऊनंतर कळवते” एवढंच बोलायचं. पहिले काही दिवस जिभेवर येणार नाही. यजमान दुसरीकडे जातील ही भीतीही खोटी नाही, एखादे जातील. (यजमान म्हणजे पूजेचे. घरातल्यांना मी मिस्टरच म्हणतोय.) पण ज्याच्या घरी मुहूर्तावर गुरुजी पोचले नाहीत तो माणूस वीस जणांना सांगतो, आणि बाई पौरोहित्य करत असेल तर ‘तरी म्हटलं होतं’ म्हणणारे तयारच बसलेले असतात. तुम्हाला हे माझ्याहून जास्त माहीत आहे.

आता तिथ्यांकडे येतो. हा तुमच्या कामाचा गाभा आहे, आणि इथे पाम काय, फोन काय, कुठलंच साधं कॅलेंडर तुमच्या उपयोगाचं नाही. ‘दरवर्षी पुन्हा’ अशी सोय सगळ्यांत असते, ती तारखेला पुन्हा येते. तिथीला नाही. गुढीपाडवाच घ्या : २०२३ मध्ये २२ मार्चला होता. त्या वर्षी अधिक श्रावण आला, म्हणून २०२४ चा पाडवा एकदम ९ एप्रिलला गेला. मग २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च. दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत यायचं आणि अधिक महिन्याने पुन्हा पुढे ढकलायचं, असा हा झोका. श्राद्धाला तर तिथी अपराह्णाला कुठल्या दिवशी आहे तेही बघावं लागतं. हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे मामाला त्याच्याच घरचा पत्ता सांगण्यासारखं आहे, पण सांगतोय ते एवढ्यासाठी : वीस वर्षं हे कोण करत होतं? पाम नव्हे. दर पाडव्याला नवं पंचांग उघडून एकेका घराच्या तिथीची तारीख काढणाऱ्या तुम्ही. यंत्रात तुम्ही फक्त उत्तरं भरलीत.

चूक इथे झाली. उत्तरं आणि मूळ तिथ्या दोन्ही एकाच डब्यात राहिल्या. त्यांचं आयुष्य वेगवेगळं असतं. ‘१४ तारखेला डोंबिवली, वास्तुशांत’ ही नोंद १५ तारखेला मेली तरी चालते. ‘अमुक घरचे आजोबा, कार्तिक वद्य पंचमी’ ही नोंद तुमच्यानंतरही जगली पाहिजे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात, त्यात आपल्या पणजोबांची सही सापडते. त्या बाडांना सेल लागत नाही. तुमच्या यजमानांची तशी नामावळी हवी : जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही, एका घराला एक पान, गोत्र, माणसं, तिथ्या, पत्ता. शाईने लिहायची. ती पिशवीत न्यायची नाही, घरातून हलवायची नाही. वर्षातून एकदा, पाडव्यानंतर, मुलाला तिचे फोनवर फोटो काढायला सांगायचे आणि ते त्याच्याकडेही राहू द्यायचे. मिस्टरांच्या ‘डायरी’त तथ्य आहे ते इथे.

रोजच्या कामांसाठी मात्र मी छापील डायरी सुचवणार नाही, आणि कारण अगदी धंद्याचं आहे. तुळशीचं लग्न लागलं की पुढच्या वैशाखातली लग्नं ठरायला लागतात, आणि तेव्हा हातातली डायरी ३१ डिसेंबरला संपत असते. नवीन वर्षाची अजून कुणी भेट दिलेली नसते. मग त्या नोंदी मागच्या कव्हरवर, पत्रिकेच्या पाठीवर, कालनिर्णयाच्या समासात दुधाच्या हिशेबाशेजारी जातात. शिवाय अभिषेकाचं पाणी, कुंकू, तूप. तुमच्या पिशवीत कागदाचं आयुष्य किती, ते तुम्हीच सांगा.

म्हणजे रोजच्यासाठी यंत्र हवं. कुठलं?

जुन्या पामबद्दल स्पष्ट बोलतो. ह्यूलेट-पॅकार्डने पाम कंपनी २०१० मध्ये विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिची उरलीसुरली यंत्रं बनवणंही थांबवलं. म्हणजे सुटा भाग, दुरुस्ती, काही मिळणार नाही. पण खरी मेख वेगळीच आहे. पामच्या कॅलेंडरमध्ये ३१ डिसेंबर २०३१ हा शेवटचा दिवस आहे. त्यापुढे त्याला काळच माहीत नाही. संकल्पात आपण मन्वंतर आणि युग उच्चारतो, आणि इथे चौकशी करावी लागते की पुढच्या मुंजीची तारीख यंत्रात आहे का!

तरीही घ्यायचाच असेल (आणि मी तुम्हाला ओळखत नसलो तरी पत्राच्या सुरावरून वाटतं, घ्याल), तर काही गोष्टी हातात घेऊन पाहा. पेन्सिल सेलवर चालणारंच मॉडेल घ्या. ज्यांच्यात बॅटरी आतच कोंडलेली असते त्यांच्या बॅटऱ्यांनी एव्हाना राम म्हटलेला असतो. सेलच्या घरातले पत्रे हिरवे किंवा पांढरे पडलेत का बघा. पडद्याच्या चारही कोपऱ्यांत काडीने टोचून बघा, टोचलं तिथेच उमटतं का. आणि विक्रेता ‘केबलसकट’ म्हणाला तर हुरळू नका. त्या काळचे पाळणे (यंत्र ज्यात ठेवून त्यातल्या नोंदी संगणकाशी जुळवायच्या ते खण) संगणकाच्या जुन्या सिरियल पोर्टला लागायचे, आजच्या लॅपटॉपला तसं भोकच नाही, आणि आजच्या विंडोजशी त्याचं जुळवून देणं हा छंद असलेल्या माणसाचा रविवार आहे. तुमचा रविवार लग्नांत जातो. न जुळवता वापरलात, तर तुमच्याकडे पुन्हा एकच प्रत उरते, तीही अशा स्मृतीत जिला सेल संपून काही काळ गेला की सगळं पुसलं जातं.

हा दोष पामचा एकट्याचा नव्हता, त्या काळातल्या बहुतेक हातातल्या यंत्रांची जातच ती. माझ्याकडे १९९७ च्या सुमारास एक डिजिटल डायरी होती, पाकिटाएवढी, उघडली की बारीक बटणं. आत दोन चपटे सेल, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्ही एकदम काढायचे नाहीत हे माहितीपुस्तिकेत ठळक लिहिलेलं होतं. पुस्तिका मी वाचली नव्हती. दोनशेच्या वर फोन नंबर गेले, त्यात एक असा होता जो पुन्हा मागायची सोय राहिली नव्हती. तेव्हा तुमच्या त्या पांढऱ्या थराकडे बघून मी हसत नाही.

आपल्याकडेही एक प्रयत्न झाला होता, सिम्प्युटर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि तिथल्याच काही अभियंत्यांनी भारतीय भाषांत बोलू शकणारं, स्वस्त, हातात मावणारं यंत्र कल्पिलं, २००४ मध्ये ते बाजारात आलं, आणि फारसं चाललं नाही. मोबाइलने सगळ्यांनाच खाल्लं. कागदासारख्या पडद्याच्या नव्या पाट्या मिळतात, त्या सुंदर आहेत, महाग आहेत आणि तुमच्या पिशवीला मोठ्या आहेत. तो विचार सोडा.

राहिला फोन. तुमचं म्हणणं मी मान्य करतो, पण अर्धं. पूजेतून मन उठवतं ते फोनमधलं कॅलेंडर नाही, निरोप आणि घंटी. या दोन गोष्टी कॅलेंडरपासून तोडता येतात. तुमच्या मुलाने जुना झाला म्हणून बाजूला टाकलेला एखादा फोन घरात असेलच. त्याच्यातलं सिम काढा. त्याला हे सांगून साफ करून घ्या : कॅलेंडर, नावं-पत्ते आणि एक टिपणवही ठेव, बाकी सगळं पहिल्या पडद्यावरून हटव. व्हॉट्सअ‍ॅप नाही, बँक तर मुळीच नाही, कारण जुन्या फोनला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालेलं असतं. दिवसा तो कुणाशी बोलत नाही. रात्री घरी आलात की चार्जिंगला लावायचा आणि घरच्या वायफायवर त्याला स्वतःची प्रत काढू द्यायची. हे तुमच्या ओळखीचं वाटतं का? पाम पाळण्यात ठेवून बटण दाबायचात, तेच आहे हे, फक्त बटण दाबायला लागत नाही. आणि यात प्रत आपोआप दुसरीकडे जाते, म्हणजे यंत्र समुद्रात पडलं तरी नोंदी राहतात.

एक गोष्ट पामकडून तुम्हाला कधीच मिळाली नव्हती, ती इथे मिळेल : देवनागरी. तुम्ही वीस वर्षं यजमानांची नावं रोमनमध्ये लिहिलीत. मग ‘वैद्य’ एकदा व्हीने, एकदा डब्ल्यूने, आणि ‘क्षीरसागर’ कुठल्या अक्षराखाली शोधायचे हे त्या दिवशीच्या लहरीवर. फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी हस्ताक्षराची सोय असते. बोटाने किंवा पंधरा-वीस रुपयांच्या नव्हे, जरा बऱ्या स्टायलसने, म्हणजे लिहायच्या काडीने, पडद्यावर ‘श्राद्ध’ असं काढलंत की ते टंकलेलं होतं. न्यूटनची ज्याच्यावरून चेष्टा झाली तेच आता बऱ्यापैकी जमतं. जोडाक्षरांना कधी अडखळतं, तेव्हा बोलून पाहा, मराठी ऐकूनही लिहितं.

जुन्या फोनची एकच खबरदारी : मागचं झाकण फुगलेलं, पडदा उचललेला दिसला तर तो वापरू नका, आधी बॅटरी बदलून घ्या. आणि कुलूप लावा. त्यात लोकांच्या घरचे मृत्यू आहेत, पत्ते आहेत, कोण केव्हा घरी नसतं याचाही अंदाज आहे. हाच विचार तुमच्या जुन्या यंत्राबद्दलही, भंगारवाल्याला सहज देऊन टाकू नका.

आणखी एक प्रश्न विचारतो, रागावू नका. तुम्ही तीन महिने परदेशी होतात तेव्हा तुमची कामं कोणी केली? सहकारी असणारच. त्यांना कुठलं काम कुठे आहे हे तुम्ही जाण्याआधी तोंडी सांगितलंत की कागदावर? पामचं गुपित असं होतं, की तो तुमच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हता. स्वतंत्र यंत्राचा तो गुण तुम्हाला आवडला, मला तो दोष वाटतो. कॅलेंडरची एक प्रत निदान एका सहकारी बाईंना दिसेल अशी सोय फोनवर करता येते. करा. ताप कुणालाही येतो.

आता हरवलेल्या तिथ्यांचं. तुम्ही लिहिलंय, ‘सगळं गेलं’. खात्री आहे? पाम दर वेळी पाळण्यात ठेवलात की त्यातलं सगळं संगणकावर उतरत होतं. त्याचसाठी तो पाळणा होता. घरात त्या वेळचा संगणक होता का? माळ्यावर, गॅलरीत, नणंदेकडे? असेल तर तो विकू नका. सुरू होत असेल तर त्याच्यावरच ‘पाम डेस्कटॉप’ उघडा, तुमची यादी शेवटच्या जुळणीच्या दिवसापर्यंत जशीच्या तशी असेल. छापून घ्या, आधी छापा, मग बाकीचं. सुरू होत नसेल तर आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावता येते. मुलाला सांगा, पामच्या फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर शोध, त्यात पत्त्यांची आणि तारखांची वेगळी खणं दिसतील, ती सगळीच्या सगळी उचलून ठेव. उघडायचं कसं ते नंतर बघू. शेवटची जुळणी दहा वर्षांपूर्वीची असली तरी हरकत नाही, तिथ्या शिळ्या होत नाहीत.

उरलेल्यांसाठी फोन फिरवावे लागतील. “नवी वही करते आहे, आपल्याकडच्या तिथ्या एकदा पडताळून घ्यायच्या आहेत,” असं म्हटलंत की कुणालाही बरंच वाटेल. ज्या घरचं श्राद्ध राहिलं त्यांना मात्र फोन करू नका, जाऊन या. यंत्राची गोष्ट सांगू नका त्यांना. चुकलं एवढंच सांगा आणि पुढची तिथी त्यांच्यासमोर वहीत लिहा. राहिलेल्या श्राद्धाला शास्त्रात काय सोय आहे ते तुम्हीच त्यांना सांगाल, तो माझा प्रांत नाही.

मुलाला एक वाक्य माझ्यातर्फे. ‘फोन आहे ना’ एवढं म्हणून त्याचं काम संपत नाही. दोन संध्याकाळी आईजवळ बसून तो जुना फोन तिच्या हाताला येईल असा लावून दे, अक्षरं मोठी कर, आणि तिने चौथ्यांदा तेच विचारलं तर चौथ्यांदा तेच सांग.

आणि तो बंद पडलेला एम१०५. सेल काढा. कानात घालायच्या कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पत्र्यावरचा पांढरा थर हलक्या हाताने पुसा, मग कोरड्या काडीने, आणि दिवसभर उघडा राहू द्या. हात धुवा, तो थर कातडीला चांगला नसतो. नंतर नवे सेल घालून बटण दाबा. सुरू झाला तर आत काही नसेल, आधी तो पडद्यावरच्या ठिपक्यांना टोचायला सांगेल आणि मग तारीख विचारेल. ठिपके नीट पकडतोय का ते मला जरूर कळवा.